दोन मागांचं घर

आमच्या घरात दुपारी कोणी बोलत नसे, कारण बोललेलं ऐकूच येत नसे. पुढच्या खोलीत जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बाबा मागावर बसलेले असत. पायाखाली पावड्या, हातात धोट्याची दोरी, आणि सगळ्या घरभर खट्-खटाक्, खट्-खटाक्. त्या आवाजावर मी अभ्यास केला, त्या आवाजावर झोपले, तापात फणफणले तेव्हाही तोच आवाज उशाशी होता. आई मधल्या खोलीत चरख्यावर कांड्या भरत बसायची. धोट्यात जी बोटभर लांब सुताची कांडी बसते ना, ती. दिवसाला शंभर तरी लागायच्या. आईचं तोंड भिंतीकडं आणि कान मागाकडं. मध्येच ती ओरडायची, "अवो, डाव्या अंगाची तार तुटली!" बाबा थांबायचे, वाकून बघायचे, आणि खरंच तुटलेली असायची. पण तू बरोबर सांगितलंस असं ते कधी म्हणाले असतील तर शपथ. ते म्हणायचे, "कांडी ढिली भरली होती. हात ओढून भरत जा, कितीदा सांगू?" हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत होते आणि माझ्या आधीही ते घरात असणार.

आम्ही कोष्टी. आमच्यात बायका सूत उकलतात, खळ देतात, ताणा करतात, कांड्या भरतात. फक्त खड्ड्यात उतरत नाहीत. "बाईमाणूस मागावर बसत नसते," एवढंच. काऊन, असं मी एकदा विचारलं तर आत्या म्हणाली पोटात दुखते, आणि शेजारची काकू म्हणाली पाय वाढतात. मी दहा वर्षांची होईपर्यंत हे खरं मानत होते आणि बाबांच्या पायांकडं बघत होते. त्यांचे पाय चांगलेच मोठे होते, त्यामुळं शंका घ्यायला जागा नव्हती. मला मात्र त्या खड्ड्याची फार ओढ. बाबा बाजाराला गेले की मी काठावर बसून एक पाय आत सोडायची. आत गार असायचं आणि सुताच्या खळीचा आंबूस वास यायचा. आई बघायची, पण रागवायची नाही. नुसती म्हणायची, "काढ पाय. येतीन ते."

तेव्हा पिपरी मेघे म्हणजे वर्ध्याच्या अंगाला चिकटलेलं खेडंच होतं. आमच्या घरामागं तूर, तुरीमागं कपाशीची पऱ्हाटी, आणि त्याच्या पलीकडून ऑटोचा नाही तर एसटीचा आवाज. आज तिथं तीन मजली घरं आहेत आणि मला आमच्या घराची जागा दाखवता येत नाही. परवा नातीला घेऊन गेले, एका मोबाईलच्या दुकानासमोर उभी राहिले आणि म्हटलं, इथं माग होता. ती म्हणाली, कुठं? मीही तेच म्हणत होते.

बाबा वर्ध्याजवळच्या एका खादी संस्थेत आठवड्यातून तीन दिवस विणकाम शिकवायला जात. एका वर्षी होळी होऊन चार दिवस झाले असतील, ते सायकल हातात धरून चालत आले, आणि सोबत एक बाई. ठेंगणी, पसरट चेहऱ्याची, डोक्याला रुमाल, कमरेला चौकटीचं चमकणारं लुगडं. लुगडं पण नव्हे, शिवलेली गोल लुंगी. कॅरिअरवर तिची पत्र्याची पेटी आणि तिच्या खांद्यावर बांबूच्या आणि काळ्या लाकडाच्या काठ्यांचा भारा. संस्थेत परदेशी पाहुण्यांच्या खोल्या गळत होत्या म्हणून तिला आमच्याकडं ठेवायचं ठरलं होतं. इंडोनेशियाची आहे, बाबा म्हणाले, दहा महिने सूतकताई शिकणार. आईनं पदर सावरत विचारलं, "कोन गावची व बाई?" बाई मोडक्या हिंदीत म्हणाली, "मंदार. हम मंदार लोग." आई वळून मला म्हणाली, "रुईच्या झाडाच्या नावाची मानसं हायेत शकू. पानी दे तिले."

तिचं खरं नाव हाजरा होतं, पण त्या नावानं तिला हाक मारलेली आवडत नसे. त्यांच्यात लेकरू झालं की आईबापांची नावं बाजूला पडतात. पोरीचं नाव रहमी, म्हणून ही किंदो रहमी, रहमीची आई. आईला हे फारच पटलं. तिला तरी लग्नानंतर तिच्या नावानं कोणी हाक मारली होती? "मंग मी किंदो शकू," ती म्हणाली, आणि दोघी पहिल्याच दिवशी चुलीपुढं बसून हसल्या. कशाला एवढं हसताहेत ते मला तेव्हा कळलं नाही.

किंदोला भाषा आली ती आईकडून. संस्थेत तिला शुद्ध हिंदी शिकवत, आणि घरी येऊन ती म्हणे, "मले भूक लागून राह्यली." बाबा डोक्याला हात लावायचे. खाण्याचंही तसंच झालं. तिच्या गावी कसल्या तरी कंदाच्या पिठाची भाकर खातात, जेपा. तो कंद वर्ध्याच्या बाजारात कुठून मिळायला? एका चतुर्थीला आईनं साबुदाणा भिजवला तर किंदोनं चिमूटभर तोंडात टाकला आणि ओरडली. त्याच कंदाचा हा! तेव्हापासून आईचा उपास असो नसो, साबुदाणा वाटून तव्यावर थापला जाई. उन्हाळ्यात आईनं छतावर कैरीच्या फोडी वाळत घातल्या तेव्हा तर ती त्या आंबोशीजवळ मटकन बसलीच. "पमाईसंग," म्हणाली, आणि डोळ्यांना रुमाल लावला. तिच्याकडं वाळल्या कैरीवर मासोळी शिजवतात. बाबा धाम नदीची मासोळी घेऊन आले, तिनं हळद, तिखट आणि आंबोशी घालून रस्सा केला, आणि श्रावण लागेपर्यंत दर बुधवारी आमच्याकडं तोच रस्सा व्हायला लागला. आई मासोळी खात नसे. रस्सा मात्र भाकरीवर घेई, आणि वर म्हणे, "मी काही खाल्ली नाई."

तिच्या गावाबद्दल ती संध्याकाळी अंगणात खडूनं चित्र काढून सांगे. तेवढ्यासाठी मी शाळेतून खडू उचलून आणायची. तिनं एक नाव काढली, धोट्यासारखी निमुळती, दोन्ही अंगांना बांबूचे लांब हात पसरलेली, वर एकच पांढरं शीड. सांदेक. त्यात तिचा नवरा दर्यावर जातो, आठ-आठ दिवस, कधी महिनाभर. तो निघताना कुठं जातो असं विचारायचं नाही. "आमच्यातही नाई विचारत," आई खुश होऊन म्हणाली, "घरातून निघालेल्याले कुठं म्हनू नाई." मग किंदोनं एक घोडा काढला. त्यांच्या गावी पोरीनं पहिल्यांदा कुराण वाचून संपवलं की तिला नटवून घोड्यावर बसवतात, आणि तो घोडा ढोलावर नाचतो. नाचतो म्हणजे नाचतो, पुढचे पाय उचलून, मान हलवून. बाजूनं माणसं त्या पोरीच्या कौतुकाची कवनं म्हणतात. रहमीचं वाचन थंडीत पूर्ण होणार होतं. किंदो घरी पोचणार त्याच्या आठव्या दिवशी तिचा घोडा, दिवस ठरलेला. आणि त्या दिवशी रहमीच्या कमरेला नेसायला आईच्या हातचं रेशीम, लिपा सबे, हवं म्हणजे हवंच. पेटीत दोन कापडांचं रेशीम होतं, एक पोरीचं, एक तिचं स्वतःचं. मी समुद्र पाहिला नव्हता. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर आणि धाम. पण त्या उन्हाळ्यात अंगणात खाटेवर पडले की मला तुरीच्या शेताच्या जागी पाणी दिसायचं, त्यावर ते पांढरं शीड, आणि का कोण जाणे, पाण्यावरून नाचत येणारा घोडा.

तो काठ्यांचा भारा म्हणजे तिचा माग. मागच्या पडवीत दोन खांबांना एक काठी अडकवायची, दुसरी काठी आपल्या पोटाशी, आणि लाकडी पट्टा कमरेमागून घ्यायचा. मध्ये ताणा, म्हणजे उभे धागे. जमिनीवर पाय लांब करून बसायचं. मागं रेललं की ताणा घट्ट, पुढं वाकलं की ढिला. म्हणजे अर्धा माग लाकडाचा आणि अर्धी बाईच. काळ्या लाकडाची तलवारीसारखी पट्टी असे, बलिदा, तिनं धागा ठोकायचा. टक्, टक्-टक्. पुढच्या खोलीत खट्-खटाक् आणि मागच्या पडवीत टक्-टक्. दोन्हींच्या मध्ये आईचा चरखा घुर्र करायचा. म्हातारपणी झोप येत नाही तेव्हा मी हे तिन्ही आवाज एकावर एक रचते, आणि बहुतेकदा तिसऱ्यापर्यंत पोचायच्या आत झोप लागते.

मी मागावर बसत नाही हे कळलं तेव्हा किंदोला खरं वाटेना. "विणकराची पोरगी अन् नाई बुनत? काऊन?" मी पोटदुखीचं कारण दिलं. ती इतकी हसली की रुमाल सुटला. तिच्या गावात माग फक्त बाईचा. पुरुषानं मागावरच्या कापडाला बोट लावायचं नाही. तिनं जुन्या सुताचा चार बोटं रुंद ताणा केला आणि माझ्या कमरेला पट्टा बांधला. तेवढ्यात बाबा आले. मी घाबरून त्यांच्याकडं बघितलं. बाबा म्हणाले, "बसू दे. तो काही माग नोहे, खेळनं हाये." त्या एका शब्दानं मी सुटले. पोळा येईपर्यंत मला हातभर सरळ पट्टी विणता येत होती.

पोळ्याला ती आमच्यासोबत बैल बघायला आली. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढत निघालेली. किंदो टाळ्या वाजवत होती. घरी येऊन तिनं पेटी उघडली, रेशीम काढलं, आणि रहमीच्या कापडाचा ताणा लावला. तांबड्यात बारीक सोनेरी चौकडी. ते काम इतकं बारीक की दिवसाला बोटभर कापड होई, कारण संस्थेतून आल्यावर ऊन उतरेपर्यंतच ती बसायची. दिवाळी झाली तेव्हा अर्ध्याच्या वर कापड झालं होतं. डिसेंबरच्या शेवटी हावड्याच्या गाडीचं तिकीट होतं. सगळं हिशेबात बसत होतं.

आता जे सांगायचं ते सांगताना आजही माझे कान तापतात. बाबा त्या मागाला खेळणं म्हणत, पण येताजाता पडवीत थांबत. ताण येतो कुठून, सुटतो कसा, हे त्यांना कोडं होतं. उभ्या जन्मात सूत हाताळलेला माणूस, त्याला चैन कसं पडणार? एका दुपारी किंदो संस्थेत होती, आई दळण आणायला गेली होती, मी शाळेतून आले तर बाबा पडवीत उकिडवे बसून ताण्याकडं बघत होते. दोन तारा तुटल्या होत्या. त्यांची बोटं नुसती वळवळत होती. "शकू," ते म्हणाले, "बसून पाहू का व?" बाबांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. आणि मला माहीत होतं. पुरुषानं बोट लावायचं नाही, हे किंदोनं मला सांगितलं होतं, बाबांना नव्हे. पण मला वाटलं, एकदा बसू देत, म्हणजे कळेल खेळणं आहे की काय. मी म्हटलं, "बसा न बाबा."

त्यांनी तारा जोडल्या, अशा की गाठ शोधून सापडू नये. मग पट्टा कमरेला घेतला, पाय लांब केले, मागं रेलले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर फक्त माझ्या लेकराच्या चेहऱ्यावर पाहिलं, पहिल्यांदा सायकल सुटून चालली तेव्हा. ते विणत गेले. टक्-टक्, टक्-टक्. दोन बोटं कापड विणलं. किंदो दारात आली तरी त्यांना कळलं नाही. कळलं तेव्हा ते लेकरासारखे म्हणाले, "पाह्य व किंदो! तुझ्यापेक्षा घट्ट आलं का नाई?"

ती दाराची चौकट धरून उभी राहिली. मग हळू विचारलं, "किसने बोला, बैठो?" बाबांनी माझ्याकडं बघितलंही नाही. त्यांना कारण ठाऊक नव्हतं, पण काहीतरी मोडलं हे त्यांना तिच्या आवाजावरून समजलं. "कोनी नाई," ते म्हणाले. "मीच बसलो. पोरगी आत्ताच आली शाळेतून."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईची कात्री मागितली आणि कापड कापलं. अर्ध्याच्या वर झालेलं. बाबा पुढच्या खोलीतून धावत आले. विणकराच्या घरात मागावरचं कापड कापणं म्हणजे काय, ते सांगून कळायचं नाही. "अवो, गाठीत खोट हाये का माह्या?" ते ओरडले. "नाई खोट," आई म्हणाली. ती पहाटेपासून किंदोजवळ बसून होती आणि तिच्या तोंडून सगळं काढून घेतलं होतं. "तिचा नवरा पान्यावर हाये. बाई मागावर अन् गडी नावेवर, असं बांधलेलं असते त्यांचं. गडी मागावर बसला म्हंजे नाव रिकामी झाली. आता हे कापड पोरीले कसं नेसवन ती?" हे सगळ्या मंदारांचं होतं की तिच्याच माहेरचं, मला ठाऊक नाही. तेव्हा विचारायची हिंमत नव्हती, आणि नंतर विचारायला कोणी नव्हतं. किंदोनं कापलेला तुकडा चार घड्या घालून बाबांच्या हातात दिला. "तुमचं," ती म्हणाली. रागानं नव्हे, आणि तेच फार वाईट होतं. बाबा त्या तांबड्या घडीकडं बघत उभे राहिले. त्या दिवशी आमचा माग चालला नाही.

मी किंदोला सांगितलं. विहिरीवर, ती धुणं धूत होती तेव्हा. मलाच माहीत होतं आणि मीच बसा म्हटलं, असं एका दमात, रडत. तिनं ओल्या हातानं माझं नाक पुसलं. "तू बापाले खुश पाहू म्हटलं," ती म्हणाली. "अन् बाप खोटा बोलला तुह्यासाठी. अच्छा बाप." मग बादली उचलून म्हणाली, "अब रडू नको. बुन."

कारण आता हिशेब असा होता: तिनं स्वतःच्या कापडाचं रेशीम काढलं आणि रहमीसाठी पुन्हा ताणा लावला. आधीचं निम्मं कापड विणायला दोन महिने गेले होते. आता हातात सहा आठवडे, आणि पूर्ण कापड. तिकीट पुढं ढकललं तर पोरीचा घोडा तिच्यावाचून निघणार. एकटीच्यानं होणारं काम नव्हतं. उजाडल्यापासून तिची संस्थेत जायची वेळ होईपर्यंत ती, मग ती येईपर्यंत दुसरं कोणी बसायला हवं. आई बसली असती, पण आईला त्या मागाची सवय नव्हती, सवय फक्त मला होती. आणि मला शाळा होती. आमच्या घरात शाळा बुडवायची मुभा फक्त देवीला आणि गोवराला.

तिसऱ्या दिवशी जेवताना, ताटातून मान वर न करता म्हणाले, "मास्तराले सांगून येतो. पोरगी दीड महिना नाई येत." आई म्हणाली, "काय सांगान?" "सांगीन, घरी काम हाये." आणि थोडं थांबून म्हणाले, "मागाचं."

ते सहा आठवडे मला धुक्यातून दिसतात. थंडी होती, पडवीत ऊन उशिरा यायचं, आणि पट्ट्यानं कमर सोलून निघायची. आई राईचं तेल चोळायची. पहिल्या दिवशी मी तीन वेळा उसवलं. माझा ठोका किंदोपेक्षा हलका, त्यामुळं तिचं आणि माझं कापड कुठं बदलतं ते बोट फिरवलं की कळायचं. मी म्हटलं, दिसेल. ती म्हणाली, दिसू दे. मागं रेललं की डोळ्यांसमोर ते तांबडं पसरे, त्यात सोनेरी रेघा येत-जात, आणि तासा-दोन तासांनी मला वाटे की मीच त्या निमुळत्या नावेत बसले आहे आणि पायांशी पाणी हलतं आहे. कधी कधी डोळा लागायचा आणि हात चालूच असायचे.

आई आता रेशमाच्या बारीक कांड्या भरण्यात गुंतली. त्यामुळं बाबांच्या मागाला कांड्या मिळेनात. चार दिवस ते खड्ड्यात रिकामे बसले, विडी ओढत. पाचव्या दिवशी पडवीच्या दाराशी आले, आत न येता. "किंदो," त्यांनी विचारलं, "मागाले हात नाई लावत. पन कांडी भरली तं चालते का तुमच्यात?" किंदोनं बलिदा मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "सिवालिपर्री." आणि आम्हाला समजेल असं, शब्द शोधत सांगितलं. तिच्या गावात नवरा मासोळी किनाऱ्यावर आणतो आणि बाई ती विकते, नवरा दर्यावर असतो आणि बाई घर चालवते, कष्ट कोणाएकाचे नसतात, दोघांनी धरायचे, त्याला हा शब्द. "मागावर नाई," ती म्हणाली, "चरख्यावर बसा." आईनं चरख्यापासून उठून जागा दिली. बाबा मांडी घालून बसले. चाळीस वर्षांचा विणकर, पण कांडी कधी भरलेली नाही. पहिली कांडी वांग्यासारखी मध्ये फुगली. दुसरी सुटली. आई जवळ उभी होती. ती काही बोलली नाही. बाबा उठून गेले की ती त्या उकलायची आणि पुन्हा भरायची.

गाडीच्या आदल्या दिवशी दुपारी कापड उतरलं. किंदोनं शेवटचं बोटभर मला विणायला लावलं आणि स्वतः खांबाजवळ उभी राहिली. मी पट्टा सोडला तेव्हा मला उभं राहता येईना. तिनं ते कापड माझ्या कमरेला एकदा धरून बघितलं. रहमी माझ्याहून लहान, पण तिला अंदाज हवा होता, असं ती म्हणाली. वर्धा स्टेशनवर तिला पोचवायला आम्ही सगळे गेलो. आईनं आंबोशीची पुरचुंडी दिली. कोणी कुठं जातेस, कधी येशील असं विचारलं नाही. आई फक्त म्हणाली, "येजो." गाडी हलली तेव्हा बाबांनी कधी नव्हे ते हात जोडले.

पुढच्या उन्हाळ्यात एक पाकीट आलं. पत्र कोणालाच वाचता आलं नाही. संस्थेतही नाही. पण सोबत एका पोरीनं काढलेलं चित्र होतं. पुढचे पाय उचललेला घोडा, त्यावर तांबड्या खडूनं रंगवलेली मुलगी, आणि बाजूला एक माणूस, डोक्यावर टोपी, हातात मासोळी. म्हणजे तो दर्यावरून परत आला होता. आई ते चित्र किती दिवस कणगीवर डकवून बघत होती. बाबांना मिळालेला तो तुकडा माझ्या ट्रंकेत आहे. त्यात शेवटची दोन बोटं बाबांची आहेत, आणि खरंच सांगते, तिच्यापेक्षा घट्ट आहेत.

पण मला सांगायचं आहे ते स्टेशनवरून घरी आलो त्या दिवसाचं. घर फार शांत झालं होतं. मागच्या पडवीतले दोन खांब नुसते खांब होते. जेवणं झाली. आई चरख्यापाशी गेली. बाबा खड्ड्याच्या काठावर बसून पावड्यांकडं बघत होते. मग मला म्हणाले, "शकू, पाय धू अन् उतर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. लहानपणापासून एक पाय आत सोडून बसले होते मी. मी धावत मोरीकडं गेले, तर तिथं आई. तिनं लुगडं घोट्याच्या वर खोचलं होतं आणि तांब्यानं पाय धूत होती, टाचा घासून, बोटांच्या बेचक्यांतून. माझ्याकडं बघून म्हणाली, "तू पोरी, तुले वय हाये. मले जाऊ दे आधी."

बाबा बघतच राहिले. ती ओल्या पायांनी आली, काठाला हात टेकला, आणि खड्ड्यात उतरली. तिला काही शिकवावं लागलं नाही. एवढ्या वर्षांत तिनं तो माग पाठमोरी बसून ऐकला होता. कुठली पावडी कधी खाली जाते हे तिच्या पायांना ठाऊक होतं. खट्. मग खटाक्. पहिल्यांदा अडखळली, दुसऱ्यांदा नाही. ती रडत होती का? हो, रडत होती, आणि हातही चालू होते. कांड्यांची टोपली रिकामी व्हायला लागली. बाबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा टोपलीकडं, आणि मग उठून चरख्यापाशी जाऊन बसले. घुर्र सुरू झालं. मी दोघांच्या मध्ये उभी होते.

थोड्या वेळानं माग थांबला. आईनं खड्ड्यातूनच हाक दिली. "अवो! कांडी ढिली येऊन राह्यली. हात ओढून भरा."